दोन बाळांचा पाळणा

मित्रांनो, दिंद्रुडकडच्या एका लहान गावात, मंदिराच्या मंडपात मी टांगलेला असतो. मी जुना सागवानी पाळणा. वय विचारू नका. मला घडवणारा म्हाळू सुतार जाऊन कैक वर्षं झाली. देवाचं लेकरू निजणार म्हणून त्याने माझ्या अंगावर एक कुसळ राहू दिलं नव्हतं.

गोकुळाष्टमीला माझ्यात बाळकृष्ण झुलायचा. नाताळ आला, की दवाखान्यातल्या नर्स वनिताबाई मला आठवडाभर त्यांच्या घरी न्यायच्या. त्या ख्रिस्ती. त्यांच्याकडे माझ्यात येशूबाळ झुलायचा. सोबत भिवराबाई जायच्या, पाळणे गाण्यात गावात एक नंबर. दोघी दोरी ओढत बोलत बसायच्या.

"ह्या लेकराच्याबी मागं राजा लागलता?" भिवराबाई विचारायच्या.

"लागलता ना मावशी. गावातली तान्ही लेकरं मारली मेल्यानं. मग आईबापानं बाळाला घेऊन दुसरा मुलूख गाठला."

"आगं बया! आमच्या कंसाचाच भाऊ म्हणायचा की!"

आणि दोघी पदराने डोळे पुसायच्या. फार चांगले दिवस होते ते.

यंदाच्या अष्टमीला घात झाला. वनिताबाई नेहमीसारख्या लवकर आल्या, मला पुसून काढलं, झेंडूच्या माळा बांधल्या आणि दोरी धरून उभ्या राहिल्या. तेवढ्यात शहरात शिकून आलेल्या गहिनीनाथने माईक हातात घेतला.

"त्यांच्या बाळाची गोष्ट आपल्या कृष्णावरूनच चोरलीय! राजा तोच, पळापळ तीच. आपली गोष्ट जुनी, त्यांची नुसती नक्कल!"

टाळ्यांनी मंडप दणाणला. वनिताबाईंच्या हातातली दोरी सुटली. भिवराबाई खाली मान घालून बसल्या. आणि मी? सांगायला लाज वाटते, मित्रांनो, मी खूश झालो. पहिला मान आपला, म्हणून छाती फुगली माझी. तासाभरापूर्वी ज्यांनी माझी धूळ पुसली, त्यांच्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही.

डिसेंबर आला. मी रोज वाट पाहायचो. एके सकाळी वनिताबाई दवाखान्यात निघालेल्या, तेव्हा मंडपातून भिवराबाईंनी हाक मारली.

"पाळणा न्यायला आली न्हाईस कावून, पोरी?"

"नको मावशी. ह्याच्यात निजवलं, की माझं लेकरू चोरीचं ठरतं."

नाताळच्या दिवशी भिवराबाई एकट्याच वनिताबाईंकडे जाऊन आल्या आणि माझ्यासमोर मटकन बसल्या.

"सुपात निजवलंय बाळाला. वसुदेवानं कृष्णाला नेलतं, तसंच. त्या दिशी मी तोंड उघडाया पायजे होतं. लई चुकलं."

त्या रडत राहिल्या. मी रिकामा लटकत होतो.

मित्रांनो, दोन घरच्या गोष्टी सारख्या निघाल्या, तर आधी कुणाची हे भांडण सावकाश करा. अगोदर लेकराला निजायला जागा द्या.

कुणी झोका दिल्याशिवाय मला हलता येत नाही, हे खरं. पण त्या दिवशी मी फुगलो, ते काही कुणाच्या हाताने नाही.