ब्रेकबाईंचा उजवा पाय

"हे चालकाचं आणि हे बाईंचं," असं म्हणत मेकॅनिकने ब्रेकच्या पेडलवरची दोन रबरं मालकांच्या टेबलावर, चहाच्या कपाला खेटून ठेवली.

ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी चष्मा लावला. चालकाच्या बाजूचं रबर कोरं करकरीत. शिकवणाऱ्याच्या बाजूचं झिजून गुळगुळीत, आणि मधोमध भोक.

"अदलाबदल नाही ना झाली?"

"नाही हो साहेब. बाईंच्या पायाखालचं हे पाचवं. चालकाकडचं मात्र गाडी आली तेव्हापासून तेच आहे. त्याला कुणाचा पायच लागलेला नाही म्हणा ना!"

ज्यांच्याविषयी हे चाललं होतं त्या बाई समोरच बसल्या होत्या. शिकवायच्या गाडीत बाजूला बसणाऱ्याच्या पायाशीही एक जादा ब्रेक असतो. शिकणाऱ्याचा गोंधळ उडाला तर शिकवणाऱ्याने दाबावा म्हणून. बाई गोंधळ उडायची वाट बघत नसत. एखाद्या कुत्र्याच्या नुसतं मनात आलं की रस्ता ओलांडावा, की यांचा उजवा पाय खाली. शिकाऊ मंडळींनी त्यांचं नावच ब्रेकबाई ठेवलं होतं. आत्ताही मालकांनी आपली चाकांची खुर्ची पुढे ओढली, तर टेबलाखाली बाईंचा पाय खटकन दाबला गेलाच.

"बाई, गेल्या परीक्षेत आपले किती पास झाले?"

"एक."

"तो कोण?"

"तो आधी बस चालवायचा."

मालकांनी कपाळाला हात लावला. "परीक्षक मला काय म्हणाले ठाऊक आहे? तुमच्याकडची माणसं वळतात छान, गिअर टाकतात छान, आरसा बघतात छान. थांबायची वेळ आली की माझ्या पायांकडे बघतात! बाई, आता एकच संधी. पुढचा शिकाऊ नापास झाला, की तुम्ही काउंटरवर. फॉर्म भरून घ्यायचे."

काउंटर म्हणजे पंखा, खुर्ची, सावली. दुसऱ्या कुणी आनंदाने उडी मारली असती. बाईंना मात्र ती सावली नको होती. त्याचं कारण नऊ वर्षांपूर्वीचं.

तेव्हा त्या नवऱ्याशेजारी बसल्या होत्या. वळणावर समोरून ट्रक आला. बाईंनी जीव खाऊन पाय दाबला, पण पायाखाली होता तो नुसता मातीने मळलेला रबरी गालिचा. त्या वाचल्या, हे गेले. हॉस्पिटलातून आल्यावर सहा महिन्यांत त्यांनी ही नोकरी धरली, तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली. काय धीराची बाई! अहो, धीर कसला? बाजूच्या सीटला ब्रेक असलेली जगात तेवढी एकच गाडी होती. तिच्यावाचून दुसऱ्या कुठल्या वाहनात बाईंनी त्यानंतर पाऊल ठेवलं नाही. बस नाही, रिक्षा नाही. सख्ख्या भावाने नवं घर बांधलं, ते त्यांनी फोटोतच पाहिलं. माणसांचंही तेच. कुणी मायेने विचारपूस करायला आलं, की त्याला दारातच "सगळं ठीक आहे" म्हणून उभं करायचं. उंबऱ्याच्या आत गाडी येऊच द्यायची नाही! देवाने माणसाला पाय दिले ते कुठेतरी जायला. या बाईंनी त्यातला एक थांबवण्याच्या कामाला कायमचा लावून टाकला होता.

घरी सासूबाई होत्या. वय सदुसष्ट, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र तेलपाणी केलेली. नऊ वर्षं दोघी एका छपराखाली राहत होत्या आणि गेलेल्या माणसाविषयी चकार शब्द काढत नव्हत्या.

"काउंटरवर बसवतील बहुतेक," बाई चपला काढता काढता म्हणाल्या. "शिकाऊच मिळेना. माझं नाव ऐकलं की लोक दुसरं स्कूल गाठतात."

"मी आहे की."

"आई, चेष्टा पुरे."

"चेष्टा कसली? दुपारी फॉर्म भरून आले. तिथली मुलगी विचारते, आजी, चष्मा आहे का? म्हटलं, नाकावर काय पतंग बसलाय?"

"अहो पण तुम्हाला कशाला हवंय हे?"

"तुला कुठेतरी घेऊन जायला. तू काही कुणाच्या गाडीत बसायची नाहीस, आणि मी काही तुला पाठीवर घ्यायची नाही."

अशी शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी लाल दिव्यापाशी गाडी अलगद थांबली आणि सासूबाई हरखून गेल्या. "काय शहाणी गाडी आहे गं! दिवा बघून आपणहून थांबते!"

"आई, मी थांबवली."

"असं होय! मग मी काय करतेय इथे?"

"तुम्ही स्टिअरिंग धरा."

"म्हणजे देवाचं काम तू करणार, आणि मी टाळ्या वाजवायच्या."

चौथ्या दिवशी, अगदी मोकळ्या रस्त्यावर, गाडी तेराव्यांदा थांबली. सासूबाईंनी हात मांडीवर ठेवले. "आता काय आलं होतं आडवं?"

"पान."

"कसलं पान?"

"झाडाचं. उडत होतं."

सासूबाईंनी चावी फिरवून गाडी बंद केली. मग म्हणाल्या, "पाय वर घे. मांडी घाल."

"सीटवर? आई, मी शिकवतेय तुम्हाला!"

"शिकवायला तोंड लागतं. घाल मांडी."

बाईंनी मांडी घातली. घातली म्हणजे काय, डावा पाय बसला शहाण्यासारखा. उजवा खाली घसरायचा, वर घेतला की पुन्हा घसरायचा. शेवटी त्यांनी तो दोन्ही हातांनी घोट्यापाशी पकडून ठेवला आणि एकाएकी त्यांचा आवाज फुटला. "मी दाबला होता हो, आई. त्या दिवशी. जिवाच्या आकांताने दाबला. खाली काही नव्हतंच."

"माहीत आहे मला. टीव्हीवर गाडी दिसली तरी दाबतेस. सोफ्यापुढची फरशी हलायला लागलीय." सासूबाईंनी पदराने चष्मा पुसला. पुसायला त्याच्यावर धूळ नव्हती. "सायकल मीच शिकवली त्याला. मागून धरून पळायचे. एक दिवस हात सोडला, तर गेला की सरळ! वळून हसला पण. आता वाटतं, सोडलाच नसता हात तर?"

"आई…"

"मग काय झालं असतं, सांग? एवढा बाप्या ऑफिसला निघालाय आणि मागून मी सायकलीला धरून पळतेय. शोभलं असतं का?"

बाईंना हसू आलं, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून वाहू लागले. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवून आकाश डोक्यावर घेतलं. सासूबाईंनी खिडकीतून डोकं काढलं. "थांब रे बाबा जरा! शिकतोय आम्ही!"

त्यानंतर महिनाभर लोकांनी रोज ती गाडी पाहिली. आजीबाई चालवताहेत आणि शेजारी एक बाई मांडी घालून, डोळे गच्च मिटून बसली आहे. कुणाला वाटे प्रार्थना चाललीय. ते तसं खोटंही नव्हतं. पाय मधूनच निसटायचा. "घोटा!" सासूबाई समोर बघत ओरडायच्या, आणि बाई घोटा धरायच्या. गुरू कोण आणि शिष्य कोण, ते एका देवालाच ठाऊक.

परीक्षेच्या सकाळी परीक्षक पुढे बसले. नियमाप्रमाणे बाईंना मागची सीट मिळाली. मागे पेडल नाही, आरसा नाही, काही नाही. मालक फाटकापाशी दोन्ही हात पाठीशी बांधून उभे होते.

गाडी निघाली. वळली छान, गिअर पडले छान. बाजारातून जाताना एका बोळातून गाद्या लादलेली हातगाडी ढकलणाऱ्या माणसासकट एकदम बाहेर आली. गाद्यांच्या ढिगामागे त्या माणसाला काही दिसत नव्हतं.

बाईंचा पाय गेला. घोटा धरायचंही भान राहिलं नाही. सगळं अंग त्या एका पायात उतरलं. पायाखाली कडक, सपाट जमीन होती. तीच, त्या दिवशीची.

आणि गाडी थांबली.

हातगाडीत आणि बंपरमध्ये हातभर अंतर उरलं होतं. परीक्षकांचं पेन खाली पडलं. सवयीने त्यांनी आधी स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग आजीबाईंकडे. "तुम्ही थांबवलीत?"

"मग काय त्या गाद्यांवर जाऊन झोपू?"

बाई मागे बसून आपल्या पावलाकडे बघत होत्या. खाली काही नव्हतं, तरी गाडी थांबली होती. दुसऱ्या कुणीतरी थांबवली होती. एवढी साधी गोष्ट आत शिरायला वेळ लागला. मग त्यांनी हळूच पाय उचलून घेतला.

परीक्षकांनी कागदावर शिक्का मारला. मालकांनी तो कागद उलटसुलट करून वाचला. "बाई, उद्या सकाळी आठला दोन नवे शिकाऊ आहेत," एवढंच बोलून ते आत गेले. घरी जायला गाडी मात्र दिली.

"ये पुढे, तुझ्या जागेवर," सासूबाईंनी शेजारच्या सीटवर थाप मारली.

"नको. इथे बरी आहे मी."

सासूबाईंनी गिअर टाकला. गाडी संथ चालली. थोड्या वेळाने मागून आवाज आला. "आई, हे चपलांचं दुकान इथे कधी झालं?"

"सात वर्षं झाली असतील."

"मी रोज जाते की या रस्त्याने!"

"तू रस्ता बघत होतीस, बाई."

बाईंनी काच खाली केली. वारा आत आला, केस विस्कटले, त्यांनी ते सारखे केले नाहीत. "ती निळी खिडकी दिसली का? तिसऱ्या मजल्यावरची? ह्यांना तीच जागा भाड्याने हवी होती. म्हणायचे, रोज तिथे उभं राहून दाढी करीन, खालचे लोक घड्याळं लावून घेतील."

"असं म्हणायचा?" सासूबाईंना हे कधीच कळलं नव्हतं. "आणखी काय म्हणायचा?"

"खूप काय काय," बाई म्हणाल्या आणि बाहेर बघत राहिल्या.

घराची गल्ली आली. सासूबाईंनी इंडिकेटर दिला. मग आरशात मागे पाहिलं. सून काचेच्या कडेवर हनुवटी टेकून, जाणाऱ्या एकेका घराच्या खिडक्या न्याहाळत होती. सासूबाईंनी इंडिकेटर बंद केला आणि गाडी सरळ पुढे जाऊ दिली.