सर्व बिघाड चालू स्थितीत

हेरंब दिघे निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी दोन गोष्टी केल्या. दाढी वाढवली आणि गाडी घेतली. दाढी महिनाभरात उतरवली. गाडी गळ्यातून उतरायला मात्र तीन वर्षं लागली.

गुजरातेतल्या मकरपुऱ्याच्या कारखान्यात तीस वर्षं ते कंपनीच्या बसने गेले होते, बहुतेक वेळा चाकावरच्या सीटवर बसून. त्यामुळे अलकापुरीतल्या एका बिल्डरची आठ वर्षांची जर्मन सेडान नव्याच्या चौथाई भावात मिळतेय असं कळलं, तेव्हा ते नुसते बघायला गेले. आत बसले आणि उठेचनात. बिल्डर धोरणी माणूस, त्याने चहा गाडीतच आणून दिला.

गाडी जुनी होती म्हणून स्वस्त होती. तिचे पार्ट मात्र नव्या गाडीच्याच भावाने मिळत, हे पहिल्याच सर्व्हिसिंगला समजलं. पहिल्यांदा पंक्चर झालं तेव्हा टायरवाल्याने हात जोडले. "काका, हा टायर शिवता येत नाही, बदलावाच लागतो. आणि एक बदलला तर जोडीचाही बदला." मग सस्पेन्शन गेलं. या गाडीला स्प्रिंगांच्या जागी हवेच्या पिशव्या होत्या. त्यातली एक हळूहळू गळायची, आणि रोज सकाळी गाडी डाव्या कुशीवर कललेली दिसायची. फतेगंजच्या त्यांच्या सोसायटीतली माणसं येता-जाता चौकशी करत, "दिघेसाहेब, आज तबियत कशी आहे?" ती त्यांची नसून गाडीची असे.

सगळ्यांत छळणारी भानगड पावसाळ्यातली. मागची काच आपोआप खाली यायची, आतला दिवा लुकलुकायचा, समोर बिघाडाची पिवळी खूण उजळायची. गॅरेजमध्ये नेली की सगळं शहाण्यासारखं बंद. तीन गॅरेजं झाली, दोन महागडे सुटे भाग बदलून झाले, पण काच आपली खाली येतच राहिली.

त्यांच्या पत्नी निरुपमाताई एका शब्दाने बोलल्या नाहीत. फक्त कुठे जायचं झालं की त्या विचारायच्या, "गाडीने जायचंय, की वेळेवर पोचायचंय?"

शेवटी हेरंबरावांनी गाडी विकायची ठरवली. पहिलं गिऱ्हाईक पीयूष नावाचा तरुण होता. गाडी त्याला फार आवडली. निरुपमाताईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाल्या, "घ्यायचीच असेल तर पावसाळा बघून घ्या. आणि सकाळी एकदा येऊन बघा, तेव्हा ती बसलेली असते." पीयूषने चहा संपवला, आभार मानले, आणि पुन्हा फोन उचलला नाही.

त्या संध्याकाळी निरुपमाताईंचा धाकटा भाऊ सलील आला. "ताई, तू विज्ञान शिकवायचीस ते ठीक. पण गिऱ्हाइकाला प्रयोग दाखवायचा नसतो. पुढच्या वेळी तू आत बस. आणि भाऊजी, तुम्ही फक्त म्हणायचं, गाडी एकदम मस्त आहे, कसलाही त्रास नाही."

"खोटं बोलायचं?" निरुपमाताईंनी विचारलं.

"खोटं नाही ग, गप्प बसायचं."

दुसरं गिऱ्हाईक रविवारी सकाळी आलं. चाळिशीची बाई, खिशांचा शर्ट, नखांच्या कडा काळपट. तिने नाव सांगितलं, दुर्गा. माहेर इथलंच, वडील रेल्वेत होते. आता वाघोडिया रोडला असते म्हणाली; तिथे काय करते हे विचारायच्या आधीच ती गाडीखाली वाकली होती. हेरंबरावांनी सलीलच्या सांगण्यावरून अर्ध्या तासापूर्वीच इंजिन सुरू करून, पिशव्यांत हवा भरून गाडी सरळ उभी केली होती.

"काय काय बिघडतं हिचं?" दुर्गाने विचारलं.

"छे, काही नाही," हेरंबराव म्हणाले. "एकदम मस्त आहे."

"लाइटचं काही? काचांचं?"

"कसलाही त्रास नाही."

दुर्गा उभी राहिली. तिने हात पुसले. चेहरा चांगलाच पडला होता. "मग राहू दे काका. माझ्या कामाची नाही. मी मेकॅनिकांचा क्लास चालवते. मुलांना चांगली गाडी देऊन काय शिकवू? बिघाड शोधता आला पाहिजे, आणि तोही असा की जो पटकन सापडत नाही."

आता सत्य सांगायचं तर दोन मिनिटांपूर्वीचं खोटं उघडं पडत होतं. ती गेटाकडे वळली, तेव्हा हेरंबरावांचा धीर सुटला.

"थांबा ने, दुर्गाबेन," ते म्हणाले. घाईत त्यांच्या तोंडी गुजरातीच यायची. "थोडंसं बिघडतं."

"थोडंसं?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला, आणि पाठोपाठ निरुपमाताई स्वतः बाहेर आल्या. आठवडाभर दाबून धरलेलं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. डावी पिशवी, काच, दिवा, पिवळी खूण, थंडीत न उघडणारी डिकी. कुठल्या महिन्यात काय झालं, कुणी काय बदललं, आणि त्याने काय फरक पडला नाही, तेसुद्धा.

दुर्गाचे डोळे चमकत गेले. "काकू, हे सगळं अजून होतं?"

"सगळं होतं. एकही बिघाड दुरुस्त झालेला नाही."

"घेतली," दुर्गा म्हणाली. मग हेरंबरावांकडे बघून हसली. "काका, 'थोडंसं बिघडतं' म्हणालात तेव्हा मला वाटलं, गाडी खपवायला फसवताय."

"फसवतच होतो, पण त्याच्या आधी," हेरंबराव म्हणाले, आणि त्यांना इतकं हलकं वाटलं की मागितलेल्या किमतीतून त्यांनी आपण होऊन दहा हजार कमी केले. सलीलला ते नंतर बरेच दिवस सांगितलं नाही.

महिन्याभराने दुर्गाचा फोन आला. बिघाड सापडलाय, बघायला या. दोघं रिक्षाने गेली. पत्र्याच्या शेडमध्ये गाडीच्या सीटा, गालिचे, सगळं उतरवून ठेवलं होतं. प्राची नावाच्या एका मुलीने छताच्या काचेच्या कोपऱ्यातलं बारीक भोक दाखवलं. तिथून पावसाचं पाणी नळीतून खाली जायला हवं. सोसायटीतल्या कडुलिंबाच्या फुलोऱ्याने नळी तुंबली होती. पाणी आत झिरपून सीटखालच्या वायरींच्या डब्यात जात होतं.

"मग काढलंस कसं?" हेरंबरावांनी विचारलं.

"शिलाई मशीनच्या पट्ट्यासारखी एक लवचीक तार होती ना, ती घातली. पाच मिनिटं लागली." प्राचीने एका झाकणात ठेवलेला चमचाभर काळा गाळ पुढे केला. "डबा वाळवला, बस. काच आता येत नाही खाली."

हेरंबराव त्या गाळाकडे बघत राहिले. तीन गॅरेजं, दोन महागडे भाग, तीन पावसाळे. त्यांनी निरुपमाताईंकडे पाहिलं. त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग त्यांनाही हसू आवरेना, आणि शेडमधली सगळी मुलं हसायला लागली.

"म्हणजे आता ती चांगली झाली," हेरंबराव डोळे पुसत म्हणाले.

"छे, कशी होऊ देईन?" दुर्गा म्हणाली. "उद्या नळीत परत गाळ भरायचा. सोमवारपासून नवीन बॅच आहे."

मग मुलांनी सेव-उसळ मागवली. सगळे उतरवलेल्या सीटांवर बसून जेवले. हेरंबरावांना ड्रायव्हरची सीट मिळाली. तिखट तर्रीने नाक वाहत असताना त्यांनी दुसरी प्लेट घेतली आणि प्राचीला विचारलं, "ती हवेची पिशवी कुठून गळत होती, ते सापडलं का?"

"अजून नाही, काका."

"मग मी पुढच्या रविवारी येतो," ते म्हणाले.