उशाखालचं लोखंड

स्नेहलने सुरी पाठवली तेव्हा तिच्या आईला, राहीबाईला, जाऊन पाच महिने झाले होते.

कुरिअरवाला वस्तीपर्यंत यायला तयार नव्हता. उसात बिबट्या आहे, असं त्याला फाट्यावरच कुणीतरी सांगितलं होतं. मग राधाकृष्ण स्वतः जाऊन खोका घेऊन आला. शेजारचा आप्पासाहेब गोठ्यापाशी तंबाखू मळत बसला होता. त्याच्यासमोरच खोका उघडला.

"केवढ्याची?"

"चौदा हजार."

"चौदा! अरं, घोडेगावच्या बाजारात पिल्लासकट शेळी आली असती. आन् ती दूध देती."

"शेळीला बघून बिबट्या पळंल का?"

"मंग सुरी बघून पळतो व्हय? आधी त्याला किंमत सांगावी लागंल."

संध्याकाळी लेकीचा फोन आला. स्नेहल पुण्यात नोकरीला होती, सुट्टी मिळाली की डोंगर चढायची. "आबा, ही घडीची नाही. पातं मुठीच्या टोकापर्यंत सलग आहे, तुटायचं नाही. पण स्टेनलेस नाही हं, ओली राहिली तर गंजेल. तेल लावत जा. आणि उशाशी ठेवा, म्हणजे मला झोप लागेल."

राधाकृष्णाने आठ दिवस सुरी पारखली. बाभळीच्या वाळक्या लाकडावर पातं धरून वरून ठोकलं, लाकूड सरळ चिरलं. नायलॉनचं दावं एका ओढीत तुटलं. एवढं करूनही मनगटावरचे केस साफ निघत होते. बाजारातल्या तीनशेच्या सुरीला दर दोन दिवसांनी दगड दाखवावा लागायचा. पैसे फुकट गेले असं म्हणायची त्याची फार इच्छा होती, पण हात तसं म्हणू देईना. काम झालं की तो ती पुसायचा, तेलाचं बोट फिरवायचा आणि ओसरीवरच्या बाजेवर, उशीखाली ठेवायचा.

त्या आठ दिवसांत आणखी एक झालं. दुपारचा आवाज बंद झाला.

हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, स्नेहललाही नाही. राहीबाईला दुपारी धान्य पाखडायची सवय. सुपाचे तीन झटके, मग थांबून खडे वेचायचे, परत तीन. चौथा झटका तिने कधी दिला नाही. चौथ्याला दाणे सांडतात म्हणायची. ती गेल्यावर चौदाव्या दिवशी तो जेवून बाजेवर पडला होता आणि आतून आवाज आला. तीन झटके. थांबून परत तीन. तो उठून आत गेला. सूप खुंटीलाच होतं, पण हलत होतं. त्यानंतर त्याने कधी आत जाऊन पाहिलं नाही. डोळे मिटून ऐकायचं आणि ऐकता ऐकता झोपायचं. तेवढ्यावर त्याचा पुढचा दिवस निघायचा.

आता आत काहीच नव्हतं. त्याने सूप पुसलं, त्यात पायलीभर बाजरी घालून चुलीपाशी ठेवलं. तरी नाही.

नवव्या दिवशी आप्पासाहेबाची आई, मुक्ताबाई, मेथीची भाजी घेऊन आली. बसायला तिने उशी सरकवली आणि सुरी बघितली.

"उशाला लोखंड ठिवलंस? बरं केलंस बाबा."

"बिबट्यासाठी हाय, काकू."

"बिबट्या राहू दे. रिकामं घर बघून कायबाय येतं. लोखंड असलं का जवळ येत न्हाई."

राधाकृष्ण हळूच म्हणाला, "घरात विळा हाय, कुऱ्हाड हाय. ते तर पहिल्यापास्नंच हायेत."

"त्यास्नी राहीचा हात ठावा हुता. ह्या लोखंडाला घरातलं कोन ठावं हाय? आपलं कोन, परकं कोन, त्याला काय कळतंय? ते समद्यांनाच अडवनार."

ती गेल्यावर त्याने सुरी गोठ्यात नेऊन खोचली. दोन दुपारी वाट पाहिली. आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आप्पासाहेबाच्या हातात दिली.

"चौदा हजाराची वस्तू फुकट? ताप आलाय का तुला?"

"बिबट्या तुझ्याच बाजूनं येतो. त्याला किंमत तू सांग."

आप्पासाहेब हसला, पण सुरी घेऊन गेला.

जेवायच्या आधी स्नेहलचा फोन आला. "आबा, खरं सांगा, सुरी कशी आहे? पैसे वाया नाही ना गेले?"

"न्हाई. लई राखती."

"उशाशीच आहे ना?"

"हाय," तो म्हणाला.

जेवून तो बाजेवर पडला. ऊन वर आलं होतं. उसाचं पान हलत नव्हतं. गोठ्यात गाय रवंथ करत होती, ती थांबली.

आत सूप वाजलं.

राधाकृष्णाच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. एक. दोन. तीन.

चार.

मग बाजरी जमिनीवर सांडल्याचा आवाज आला. खडे वेचण्यापुरतं थांबणं झालंच नाही. परत चार. परत दाणे सांडले.

त्याचा हात आपोआप उशीखाली गेला. तिथे नुसती गोधडी होती. आप्पासाहेबाचं घर हाकेवर होतं. हाक मारली असती तर तो सुरी घेऊन धावत आला असता. राधाकृष्णाने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पाच महिने झाले, त्याने स्वतःला सांगितलं. विसरली असंल बिचारी.

सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला. सांडलेल्या दाण्यांवर पाय पडत गेले, चुलीपासून उंबऱ्यापर्यंत. उंबऱ्यावर ते थांबले.

राधाकृष्णाने हात उशीखालून काढून घेतला. डोळे न उघडता तो बाजेच्या कडेला सरकला आणि जागा करून दिली.