तिकीट खलास

मनोरमाबाईंनी कोथिंबिरीची जुडी मिठाच्या पाण्यात बुडवली, दुधाची बाटली साबणाच्या फडक्यानं पुसली आणि भेंड्या पुढ्यात ओढल्या. भेंड्याही एकेक करून पुसायच्या. साथ सुरू झाल्यापासून चार महिने हेच चाललं होतं. आखातातल्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीमधल्या या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात जे काही येईल ते आधी धुतलं जायचं आणि मग खाल्लं जायचं. धुणाऱ्या एकट्या त्याच होत्या.

बेडरूमचं दार लावून सून शुभ्रा मीटिंगमध्ये बसली होती. मुलगा सुजीत कालपासून पुन्हा ऑफिसला जायला लागला होता. हॉलमधल्या जेवणाच्या टेबलाशी सात वर्षांचा रेयांश टॅबसमोर अरबीच्या तासाला बसला होता, अंगात युनिफॉर्मचा शर्ट आणि खाली चड्डी. त्याला खुर्चीवर टिकवून ठेवायचं, मिसनी विचारलं की माइक चालू करून द्यायचा, मध्येच पळाला की धरून आणायचं, हे आजीचं काम. मराठी शाळेत बत्तीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळला होता त्यांनी, पण हा एक नातू चाळीस पोरांना भारी होता.

"यल्ला, खलास?" टॅबमधून मिसनी घाई करत विचारलं.

"खलास, मिस!" पंचवीस चिमण्या आवाजांनी एकदम गलका केला.

मनोरमाबाई दचकल्या.

"अरे, काय खलास झालं?"

"नथिंग, आजी. आय ॲम डन."

"मग खलास कशाला म्हणायचं? कुणी मेलं का?"

रेयांशनं माइक बंद केला. आजीला काही समजावून सांगायचं असलं की तो अगदी बापासारखा मान कलती करायचा. त्याचं इंग्रजी त्यांना आता बरंचसं कळायचं. उत्तर मात्र त्या मराठीतच द्यायच्या.

"खलास मीन्स डन, आजी."

"म्हणजे संपलं."

"नो-ओ! लाइक, यू आस्क मी, होमवर्क खलास? अँड आय से, खलास. देन यू डोन्ट हॅव टू वरी. बाबा सेज इट ऑल डे."

तो पुन्हा टॅबकडे वळला. मनोरमाबाईंच्या हातातली भेंडी हातातच राहिली.

एक जूनची सकाळ त्यांच्या डोळ्यांसमोर आली. सुजीत बाल्कनीत उभा राहून फोनवर बोलत होता. अडकलेल्या लोकांना मुंबईला नेणाऱ्या विमानांसाठी नावं नोंदवून घेत होते. त्यांचं नाव मे महिन्यातच दिलं होतं, आणि नौशीन नावाची एक ओळखीची ट्रॅव्हल एजंट आठ तारखेच्या विमानात जागा मिळते का ते बघत होती. मनोरमाबाई काचेच्या दाराआड देवाचं नाव घेत उभ्या होत्या. मिरजेला थोरली बहीण मृणालिनीताई अंथरुणाला खिळली होती. आई गेली तेव्हा मनोरमाबाई चार वर्षांच्या होत्या. ताई पंधराची. ताईनं वेणीफणी केली, शाळेत घातलं, डी.एड.ची फी स्वतःच्या पगारातून भरली आणि स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. फेब्रुवारीत इकडे निघताना तिचे केस विंचरून देत त्या म्हणाल्या होत्या, "मे महिन्यात आले की न्हाऊ घालते तुला."

दाराच्या फटीतून सुजीतचा आवाज आला होता. "माँ का टिकट खलास? पक्का खलास? थँक यू सो मच, नौशीन, बहुत बडा काम किया."

'खलास' एवढंच त्यांच्या कानात शिरलं. पुढचं नुसतं ऐकू आलं. तो आत आला तेव्हा त्यांनीच विचारलं होतं, "खलास ना रे? नाहीच ना मिळालं?"

सुजीत थांबला होता. बंद बेडरूमकडे त्यानं एकदा बघितलं होतं, मग टेबलाखाली लोळणाऱ्या रेयांशकडे. आणि म्हणाला होता, "हो आई. खलास."

त्या संध्याकाळी शुभ्रानं उगीचच येऊन त्यांचा हात हातात घेतला होता आणि "थँक यू, आई" म्हणाली होती. बिचारी समजूत काढतेय, असं त्यांना वाटलं होतं.

नाही मिळालेल्या तिकिटासाठी एजंटचे आभार कोण मानतं? एवढी साधी गोष्ट! महिना झाला, आपल्या डोक्यात शिरली नाही. मनोरमाबाईंना स्वतःचाच भयंकर राग आला. त्यांनी हात पुसले, फोन घेतला आणि बाल्कनीत गेल्या. बाहेर नुसती भट्टी पेटली होती. तरी त्यांनी दार ओढून घेतलं.

मिरजेला नवऱ्यानं, वासुदेवरावांनी, लगेच फोन उचलला. गेले चार महिने ते एकटेच होते. शेजारून डबा यायचा, आणि ताईच्या घरी दोन दिवसांआड त्यांची फेरी असायची.

"अहो, एक विचारते. माझं आठ तारखेचं तिकीट निघालं होतं का हो?"

पलीकडे पंख्याची घरघर ऐकू येत राहिली.

"तुला कोण म्हणालं?"

सेहेचाळीस वर्षांचा संसार होता. हा माणूस प्रश्नाला प्रश्न करायला लागला की समजून जायचं. मनोरमाबाई बाल्कनीतल्या पालथ्या बादलीवर बसल्या.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"अगं, ऐकून तर घे. सुजीतचा फोन आला होता त्या दिवशी. म्हणाला, बाबा, आईचं तिकीट हातात आहे, पण तिचा असा असा समज झालाय, काय करू? इकडे गल्लीत रोज ॲम्ब्युलन्स. तुला शुगर. मी म्हटलं, राहू दे तिकडेच. तुझ्या काळजीपोटीच ना?"

"मला विचारायचं कुणाला सुचलं नाही?"

"विचारलं असतं तर तू ऐकली असतीस?"

"नसते ऐकले. म्हणूनच नाही विचारलंत."

वासुदेवराव खाकरले.

"ताई विचारत होती?"

"गेलो की विचारायची. मनू कधी येते, म्हणून."

"काय सांगितलंत तिला?"

"काय सांगणार? सांगितलं, तिकीटच मिळत नाही."

मनोरमाबाईंनी फोन कानापासून दूर धरला. पलीकडून "अगं... अगं ऐकतेस ना?" असं चाललं होतं. चोवीस जूनला ताई गेली तेव्हा शेजारच्या मुलीनं व्हिडिओ लावून दिला होता. पण तिला रडू आवरेना, फोन भलतीकडेच वळला, आणि मनोरमाबाईंना बराच वेळ छताचा पंखा दिसत राहिला होता. त्या पंख्यालाच त्यांनी हात जोडले होते. तेव्हाही वासुदेवराव तिथेच ताईच्या उशाशी उभे होते. सगळं ठाऊक असून उभे होते. मनोरमाबाईंनी फोन बंद केला, आत येऊन रेयांशला केळं सोलून दिलं आणि उरलेल्या भेंड्या पुसून काढल्या.

सुजीत चारला आला. दारातच बूट काढले, हाताला सॅनिटायझर चोळला आणि थेट अंघोळीला गेला. बाहेर आला तेव्हा टेबलावर चहा होता आणि समोर आई बसली होती. रेयांश हेडफोन लावून कार्टून बघत होता.

"खलासचा अर्थ आज कळला मला," त्या म्हणाल्या. "तुझ्या मुलानं शिकवला."

सुजीतनं उचललेला कप खाली ठेवला.

"आई, मी खोटं नाही बोललो. तूच म्हणालीस खलास. मी फक्त हो म्हटलं."

"शाब्बास! वकील व्हायचास."

"आई, प्लीज. तेव्हा काय परिस्थिती होती आठव ना. शुभ्राच्या टीममधली निम्मी माणसं काढली होती, माझा पगार कापला होता. रेयांशला बघायला कोण होतं? आणि तू जाऊन तरी काय करणार होतीस? उतरल्याबरोबर चौदा दिवस क्वारंटाइन. मावशीला भेटताच आलं नसतं तुला."

मनोरमाबाईंनी बोटं पुढे धरली. चौथीच्या पोरांना शिकवायच्या तशी पेरं मोजत त्या म्हणाल्या, "आठ तारखेला निघायचं होतं. आठ आणि चौदा किती?"

सुजीतनं कप बाजूला सरकवला.

"बावीस. ताई गेली चोवीसला. दोन दिवस होते मला. दोन दिवसांत न्हाऊ घालून झालं असतं तिला."

बेडरूमचं दार केव्हा उघडलं ते कुणालाच कळलं नव्हतं. शुभ्रा दारात उभी होती. एका कानात इअरफोन तसाच होता.

"सुजीत, तू तर म्हणालास, आईच राहते म्हणाल्या. आपल्यासाठी."

शुभ्रा सासूकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात आतून लॅपटॉपवर कुणीतरी तिचं नाव घेऊन हाक मारली, आणि ती "सॉरी, आई" म्हणत आत गेली. दार पुन्हा लागलं.

"तुझ्या भल्यासाठीच केलं गं," सुजीत म्हणाला.

"असं कर. भलं तुझं होतं, तेवढं निदान तुझं म्हण. माझ्या गळ्यात घालू नकोस." मनोरमाबाई उठल्या. "तू पाया पडून मागितलं असतंस ना, सुज्या, तर कदाचित राहिलेही असते मी. पण ताईला खरं सांगून राहिले असते. आता ती गेली, आणि तिला वाटलं काय, तर मनूला तिकीटच मिळालं नाही."

त्या रात्री जेवताना त्या नेहमीसारख्याच वागल्या. भेंडीची भाजी सगळ्यांना वाढली. सुजीतला वाटलं, निवळलं.

फ्रिजवर नौशीनच्या कंपनीचं कॅलेंडर लावलेलं होतं आणि खाली ठसठशीत नंबर होता. दुसऱ्या दिवशी, मधल्या सुट्टीत रेयांश उड्या मारत असताना, मनोरमाबाईंनी तो नंबर फिरवला. त्यांचं हिंदी म्हणजे मिरजेच्या बाजारातलं हिंदी. पण अडलं नाही.

"मैं सुजीत की आई बोलती. मेरे को जाने का है. मुंबई."

"अरे आँटी! लेकिन पिछली बार तो आपने खुद कैन्सल..."

"मैंने नहीं किया."

नौशीनचा आवाज उतरला. "जी, आँटी."

"अब सुजीत को फोन नहीं करने का. मेरे को करने का. जो है वो मेरे को बताने का."

"इन्शाल्ला हो जाएगा, आँटी. कल तक बताती हूँ."

शुक्रवार उजाडला. इथल्या सुट्टीचा दिवस, सगळे घरात. शुभ्रा रेयांशची नखं कापत होती. दोन दिवस ती सुजीतशी कामापुरतंच बोलत होती. सुजीतनं स्वतः चहा केला होता आणि आईचा कप तिच्या पुढ्यात आणून ठेवला होता. मनोरमाबाई कोथिंबीर निवडत होत्या. दोन दिरहमची जुडी, म्हणजे चाळीस रुपये. मिरजेत चाळीस रुपयांत भारा आला असता, असं त्या दर आठवड्याला म्हणायच्या. आज म्हणाल्या नाहीत.

त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, "हां, बोलो," म्हणाल्या आणि ऐकत राहिल्या. ताठ बसल्या होत्या. निवडलेली एक काडी त्यांनी चुकून कचऱ्यात टाकली.

"आँटी, आपका हो गया. चौदह तारीख, सुबह की फ्लाइट. टिकट खलास!"

"खलास?" त्यांनी विचारलं. "पक्का?"

"पक्का खलास, आँटी."

"बहुत बडा काम किया बेटी," त्या म्हणाल्या आणि फोन उपडा करून ठेवला.

सुजीत बघत होता. "कुणाचा फोन, आई?"

"नौशीनचा."

त्यानं कप खाली टेकवला. "तू... तू तिला फोन केलास? परस्पर?"

"हो. परस्परच करायची पद्धत आहे ना आपल्या घरात?"

शुभ्रानं नेलकटर खाली ठेवलं.

"मग? काय म्हणाली?" सुजीतनं विचारलं. "मिळालं का तिकीट?"

"खलास."

सुजीतनं नकळत सुटकेचा श्वास सोडला. तो त्यांना स्पष्ट ऐकू आला. बाकी काही नाही, तो श्वास त्यांच्या जिव्हारी लागला. पोटचं पोर, आणि आपलं तिकीट हुकलं असं समजून त्याला हायसं वाटलं होतं. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, आणि बघता बघता त्याचा चेहरा बदलला.

"आई," तो हळूच म्हणाला, "कोणतं खलास?"

मनोरमाबाईंनी कोथिंबीर उचलली, पाण्याच्या भांड्यात बुडवली आणि हात झटकले.

"रेयांशला विचार," त्या म्हणाल्या. "तो खोटा अर्थ सांगत नाही."