दवाखान्याचं कार्ड

किजिवेनीच्या किनाऱ्यावर फाकीला सगळे ‘वकीलसाहेब’ म्हणत. वकील कसला! एका संस्थेनं पंधरा दिवस शिकवून पाठवलेला, मशिदीमागच्या आंब्याखाली टेबल टाकून वस्तीतल्या पेंबा लोकांचे नागरिकत्वाचे अर्ज फुकट भरून देणारा माणूस. पण त्याच्या आईला, बिकोंबोला, ते ऐकायला फार आवडायचं. मासळी तळता तळता तीही मुद्दाम हाक मारायची, “आले का वकीलसाहेब?”

शेजारच्या देशातल्या पेंबा बेटावरून गलबतांत बसून ही माणसं इथं आली त्याला साठ वर्षं झाली होती, तरी केनियाच्या सरकारदरबारी ती कुणीच नव्हती. पोलीस दिसला की बिकोंबोनं मासळीची पाटी टाकून खारफुटीत पळायचं, हे तिच्या तरुणपणापासून चाललेलं. आता गुडघे पळू देत नव्हते. त्यात पेंबांना या देशाचे नागरिक मानायचं सरकारनं ठरवलं, आणि म्हातारीनं ओळखपत्राची आस धरली.

फाकीचं ओळखपत्र मात्र कधीच झालं होतं. आठवीच्या परीक्षेला जन्मदाखला हवा म्हणून बिकोंबोनं शेजारच्या मेजुमाला गळ घातली आणि पोरगं कागदावर तिच्या नावानं लावलं. मेजुमा दिगो जमातीची, म्हणजे इथलीच. तिला कोण विचारतो! वस्तीतल्या निम्म्या पोरांच्या आया अशाच उसन्या होत्या. त्या दिवशी बिकोंबोनं मेजुमाला एक मोठा मासा नेऊन दिला आणि घरी येऊन पोटभर रडली.

अर्जांच्या पडताळणीच्या आदल्या दुपारी फाकी जेवायला आला. नेहमीसारखं त्यानं आधी पाण्याचं भांडं उचलून आईच्या हातावर पाणी घातलं. लहानानं मोठ्याचे हात असे धुवायचे, ही घराची रीत. बाहेरचा पाहुणा असला तर त्याच्या हातावर घरची बाई घालते.

“आई, ते दवाखान्याचं कार्ड उद्या आणू नकोस.”

ते कार्ड फाकीच्या जन्माचं. आईचं नाव बिकोंबो, मुलगा, तारीख, खाली लसींचे शिक्के. चौतीस वर्षं तिनं ते पिठाच्या डब्यात जपलं होतं.

“का रे? तूच तर टेबलावरून ओरडतोस, जुना कागद असेल तो आणा, खोटं लिहू नका म्हणून.”

“ते दाखवलंस की माझा दाखला खोटा ठरतो. ओळखपत्र जाईल, वर तुरुंग. बायकापोरं आहेत मला, आई.”

“आणि मला?”

“तुला दोन साक्षीदार आहेत ना. होऊन जाईल.”

बिकोंबोनं त्याच्या ताटात मासळी वाढली. सकाळी मात्र तिनं कार्ड अंगाभोवती गुंडाळलेल्या कांग्याच्या, त्या रंगीत कापडाच्या, टोकाला गाठ मारून बांधलं.

आंब्याखाली रांग लागली होती. नोंदणीच्या बाई खुर्चीत, शेजारी फाकी शाईची डबी घेऊन. म्हातारा मकामे म्हणाला, “वकीलसाहेब, वय जरा कमी लिहा, चौथं लग्न जमवतोय,” आणि बाईंनाही हसू आलं. मग बिकोंबोचा नंबर लागला.

“इथं कधीपासून?”

“जन्मच इथला, बाई.”

“पुरावा काय? आईबापाची कबर?”

“बाप समुद्रात बुडाला. आई बेटावर परत जाऊन मेली. कबर कुठून आणू?”

“मूलबाळ? इथं जन्मलेलं एक मूल दाखवा, लगेच काम होतं.”

 फाकी कुणाचा, हे तिथल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं. पण ज्याच्या त्याच्या घरात उसनी आई होती, तोंड कोण उघडणार? बिकोंबोनं लेकाकडे पाहिलं. नाही म्हणायचं तिनं मनाशी ठरवलंच होतं. फक्त त्यानं एकदा मान वर करून आपल्याकडे बघावं, एवढंच तिला हवं होतं.

फाकीनं शाईच्या डबीचं झाकण लावलं.

“मावशींना मूलबाळ नाही, मॅडम,” तो म्हणाला. आवाज जराही अडखळला नाही.

“मग अवघड आहे, मावशी. नुसत्या साक्षीवर नाही होत. पुढच्या फेरीत बघू.”

“पुढची फेरी कधी?”

“ते वरून कळेल.”

बाईंनी तिचा अर्ज वेगळ्या गठ्ठ्यात टाकला. बिकोंबोच्या मुठीत कांग्याची गाठ होती. एक हिसका दिला असता तर कार्ड टेबलावर पडलं असतं. तिनं तो दिला नाही. ती माया होती की संताप, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

दुपारी फाकी घरी आला तो बोलतच. “सगळ्यांचं झालं, आई. राहिलीस तू एकटी. तुझंही करतो, शब्द देतो.”

तिनं गाठ सोडून कार्ड चटईवर ठेवलं. फाकीचा चेहरा उतरला.

“तू आणलं होतंस?”

“आणलं होतं. घाबरू नकोस, दाखवणार नव्हते. मूल नाही असं मीच म्हणणार होते. तेवढंसुद्धा मला म्हणू दिलं नाहीस रे.”

त्यानं खाली मान घातली आणि सवयीनं पाण्याच्या भांड्याकडे हात नेला. बिकोंबोनं ते आधीच उचललं होतं.

“बसा, वकीलसाहेब,” ती म्हणाली. “हात पुढे करा.” आणि तिनं त्याच्या हातावर पाणी घातलं.