सहीनिशी दिलेले मत

मित्रांनो, ज्याला तोंड आहे त्याने बोलावे, असा जगाचा रिवाज आहे. माझे तोंड मात्र बोलण्यासाठी घडवलेलेच नाही. ते माझ्या माथ्यावर आहे, चार बोटे लांब आणि नखाइतके अरुंद. घडी घातलेले कागद त्यातून आत येतात आणि ठरलेल्या घटकेपर्यंत आतच राहतात. मी थॉर्नस्ले नगरपरिषदेची काळ्या पत्र्याची जुनी मतपेटी आहे. मौन हा माझा धर्म. तो मी पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले. आज तो थोडा मोडते आहे, कारण काही क्षणांपूर्वी माझ्या पोटात एक कागद पडला, आणि त्याचे ओझे मला एकटीला सोसवत नाही.

मला एझ्रा टॉलर नावाच्या कारागिराने घडवले. त्याच्या तरुणपणापर्यंत इथे मतदान उघड्यावर होत असे. लाकडी मंचावर चढायचे आणि आपल्या उमेदवाराचे नाव चारचौघांत मोठ्याने उच्चारायचे. मंचासमोर गिरणीमालकाचा कारकून उभा असे. एझ्राच्या मेहुण्याने त्या मंचावरून मालकाला न रुचणारे नाव उच्चारले आणि आठवड्याच्या आत त्याचे बिऱ्हाड रस्त्यावर आले. पुढे गुप्त मतदानाचा कायदा झाला आणि मला जन्म मिळाला. शेवटचा खिळा ठोकताना एझ्रा म्हणाला होता, "आता ये म्हणावं त्या कारकुनाला! बघू दे, कुणी काय लिहिलंय ते!" हे वाक्य मी माझा उपनयनमंत्र मानते.

माझ्या कामाचा आरंभ फार सुंदर असतो. मतदानाच्या दिवशी सकाळी मला उघडून उपस्थितांना दाखवतात, की पाहा, आत काही नाही. मग मोहोर लावतात. आपले रिकामेपण चारचौघांना दाखवून कामाला लागणारे या जगात कितीसे आहेत? राजे बदलले, युद्धे झाली, गिरण्या बंद पडल्या. गूजगेट प्रभागाची माणसे मात्र दर निवडणुकीला प्रार्थनागृहाच्या दालनात येत राहिली आणि दाराशी कुत्री बांधून माझ्या मुखात आपला कौल टाकत राहिली.

मग प्लास्टिकच्या हलक्या पेट्या आल्या. मला तळघरात नेले. तिथले दार उघडे ठेवायला टेकण म्हणून माझा उपयोग होऊ लागला, नाताळच्या दिव्यांच्या माळा माझ्यावर फेकल्या जाऊ लागल्या, आणि कोणाच्या तरी लाथेने माझ्या कुशीत पोचा पडला. मी गंजत होते. त्या अवस्थेतून मला एका माणसाने सोडवले. तो विल्फ्रेड हॅगार्थ.

विल्फ्रेड हा पाट्या रंगवणारा. बाजारपेठेतल्या खाटकापासून घड्याळजीपर्यंत प्रत्येक दुकानाच्या माथ्यावर त्याची अक्षरे आहेत. म्हातारपणी हात थोडा थरथरू लागला, पण कुंचला टेकला की तो स्थिर होई. "प्लास्टिकच्या बादलीत मी मत टाकणार नाही," असे त्याने नगरपरिषदेला बजावले. आणि मग स्वतःच येऊन त्याने माझा गंज खरवडला, मला काळा रंग दिला आणि अंगावर सोनेरी अक्षरांत 'गूजगेट' असे लिहिले. खाली कोपऱ्यात बारीक सही केली: डब्ल्यू. जे. हॅगार्थ. सहीवाचून त्याने हातचे काम कधी सोडले नाही. "ज्याला आपलं नाव द्यायची लाज वाटते, ते काम करूच नये," असे तो म्हणे.

त्याची आणखी एक खोड होती. दुसऱ्याने लिहिलेली पाटी तो कधी वाचत नसे. तिच्यातले दोष तेवढे पाही.

टेकडीखाली नगरपरिषदेचे भाजीमळे आहेत. गावकरी एकेक तुकडा भाड्याने घेऊन तिथे कांद्याच्या पातीसारखे जाडजूड लीक, वाटाणे, बटाटे लावतात. विल्फ्रेडच्या तुकड्यात त्याच्या दिवंगत पत्नीने लावलेला रुबार्ब या आंबट भाजीचा कंद आहे. तो दर वसंतात लाल देठांनी फुटतो. हे मळे विकून तिथे वाहनतळ बांधावा, असा घाट रोलंड पिकर्सगिल या जुन्या नगरसेवकाने घातला. त्याला विरोध करण्यासाठी विल्फ्रेडची मुलगी थेल्मा गेल्या वर्षी निवडणुकीला उभी राहिली, आणि गूजगेटमध्ये वैराला तोंड फुटले. शेजारी एकमेकांची कुंपणे पाहून रस्ता बदलू लागले. थेल्माच्या फलकांना कोणी डांबर फासले, तर पिकर्सगिलच्या दारात कोणी शेणखताची गोणी ओतली.

त्या निवडणुकीची मतमोजणी शुक्रवारी सकाळी क्रीडागृहात झाली. मला तिथे नेले, मोहोर तोडली, पोट रिकामे केले आणि उलटी करून सर्वांना दाखवले. माझ्या शेजारीच थेल्मा आणि पिकर्सगिल समोरासमोर उभे होते. उमेदवाराची खूण म्हणून तिच्या छातीवर पांढऱ्या फितीचे फूल होते, त्याच्या छातीवर तांबड्या फितीचे.

"थेल्माबाई, यंदा लीक झकास आलेत म्हणे," पिकर्सगिल म्हणाला. "सूप करून बरण्या भरून ठेवा. पुढच्या वर्षी त्या जागी मोटारी उगवणार आहेत."

"मोटारींना जागाच हवी ना, रोलंड? तुमच्या डोक्यात लावा की. तिथं कधीपासून मोकळंच मैदान आहे."

"तोंड सांभाळा. मी या गावात नगरसेवक झालो तेव्हा तुम्ही शाळेत नाक पुसत होता."

"हो ना. तेव्हापासून गाव पुसायचं काम तुम्ही करताय."

निवडणूक अधिकारी डेस्मंड क्रॅबट्री यांनी दोघांना गप्प केले. संशयास्पद मतपत्रिका मेजावर मांडल्या होत्या. एकीवर 'सगळे चोर' असे लिहिले होते. ती बाद झाली. एकीवर पिकर्सगिलच्या चौकटीत फुलीऐवजी हसरा चेहरा काढला होता. हेतू स्पष्ट म्हणून ती धरली. मग क्रॅबट्रींनी शेवटची उचलली. थेल्माच्या नावापुढे रेखीव फुली होती. आणि तिच्याखाली, वळणदार अक्षरांत, पूर्णविरामासह एक सही होती. डब्ल्यू. जे. हॅगार्थ.

माझ्या अंगावरची आणि त्या कागदावरची सही एकच होती. थेल्माने आधी कागदाकडे पाहिले, मग माझ्याकडे. पिकर्सगिलनेही ती सही ओळखली. त्याच्या दुकानाची पाटीही त्याच हाताची होती.

"मतदाराची ओळख पटते," क्रॅबट्री हळू आवाजात म्हणाले. "कायद्यानं हे मत बाद होतं. माझा इलाज नाही."

"कमाल आहे!" पिकर्सगिल तिच्या कानाशी कुजबुजला. "घरचं मतसुद्धा धड मिळवता येत नाही, आणि म्हणे मळे वाचवणार."

बेरीज झाली, पुन्हा झाली, तिसऱ्यांदा झाली. दोघांची मते समान निघाली. अशा वेळी चिठ्ठी टाकण्याची इथली रीत आहे. क्रॅबट्रींनी दोन नावे दोन सारख्या लिफाफ्यांत घालून माझ्या पोटात सोडली, मला हलवले, मान फिरवली आणि हात घातला. पिकर्सगिलचे नाव निघाले. अर्ध्या क्रीडागृहाने टाळ्या वाजवल्या, अर्ध्याने शिव्या दिल्या.

तोवर बाहेर चहाच्या खोलीत थांबलेला विल्फ्रेड काठी टेकत आत आला. "किती फरकानं, पोरी?"

"सारखी मतं पडली, डॅड. चिठ्ठीत हरले."

"म्हणजे एका मतासाठी!" त्याने काठी माझ्यावर आपटली. "कोण तो नालायक, जो घरात बसून राहिला? मी पाऊस होता तरी आलो. आणि लपूनछपून नाही, चांगलं सहीनिशी मत दिलं! यांच्यासारखं निनावी नाही!"

मेजाभोवतीचे सगळे खाली पाहू लागले. पिकर्सगिलला मात्र हसू आवरेना. "अहो हॅगार्थ, तुमच्या त्या सहीचं—"

क्रॅबट्रींची मूठ माझ्या झाकणावर पडली. "पिकर्सगिल! गुप्ततेचं बंधन आहे तुमच्यावर. एक शब्द पुढं बोललात तर पोलिसांना बोलावीन."

पिकर्सगिल मागे सरला. विल्फ्रेडने थेल्माकडे पाहिले. "काय म्हणत होता तो?"

"काही नाही, डॅड. नेहमीची टवाळी. चला घरी."

मित्रांनो, त्या क्षणी मला तिचा अभिमान वाटला. बापाच्या मताचा सन्मान आणि बापाचे मन, दोन्ही तिने जपले असे मला वाटले. आज तो अभिमान उरला नाही.

मळे विकण्याचा अंतिम ठराव मधल्या काळात लांबणीवर पडला. प्रभागाची दुसरी जागा यंदा मोकळी झाली आणि थेल्मा पुन्हा उभी राहिली. आज मतदान आहे. सकाळी मला उघडून दाखवले, मोहोर लावली. दुपारी रांगेत विल्फ्रेड आला. त्याच्या पुढे त्याची शेजारीण श्रीमती ऑग्डन उभी होती. या दोघांच्या परसदारांमधल्या कुंपणावरून एके काळी वाडगी इकडून तिकडे जात. तिचा केक त्याच्या घरी, त्याचा रुबार्ब तिच्या घरी.

"काय, यंदा वाट सापडली वाटतं?" विल्फ्रेड साऱ्या दालनाला ऐकू जाईल असे म्हणाला.

"मी गेल्या वर्षीही आले होते, विल्फ्रेड."

"हो, हो. त्या दिवशी दिवसभर तुझ्या खिडकीचा पडदा ओढलेला होता. गल्लीतल्या एकेकाला विचारलं मी. सगळे छातीवर हात ठेवून सांगतात, मत दिलं म्हणून. तू तेवढी रडलीस."

"रडले, कारण तू माझ्या दारात उभा राहून मला नालायक म्हणालास!" तिचा आवाज फुटला. "वर्षभर बोलला नाहीस. माझ्या नवऱ्याच्या अंत्ययात्रेला आला नाहीस. देव बघतोय, म्हाताऱ्या."

"बघू दे. मोजूही दे. एकच मत कमी होतं."

केंद्रावरच्या अधिकारी बाईंनी दोघांना शांत राहण्याची विनंती केली. श्रीमती ऑग्डनने मत माझ्या मुखात टाकले आणि ती डोळे पुसत निघून गेली. विल्फ्रेड आडोशाच्या आत गेला. तिथे भिंतीवर ठळक अक्षरांत सूचना लावली आहे: फुलीशिवाय काहीही लिहू नका. त्याने ती पाहिली असणार. पण ती दुसऱ्याने लिहिलेली पाटी होती. "अक्षरांत अंतर किती वाईट सोडलंय," असे तो आतून पुटपुटला.

आडोशात दोरीने बांधलेली पेन्सिल असते. फुलीचा आवाज मी जन्मभर ऐकत आले: दोन आखूड ओरखडे. ते दोन ओरखडे झाले. मी वाट पाहिली, की आता तो कागदाची घडी घालील. पण पेन्सिल थांबली नाही. ती सावकाश, लयीत, वळणे घेत चालत राहिली आणि शेवटी तिने एक टिंब दाबले.

मला ओरडायचे होते. कागद हातात आहे तोवर दुसरा मागता येतो. माझ्या मुखात पडला की परत नाही. त्याने घडी घातली, माझ्या अंगावरच्या आपल्या सोनेरी अक्षरांवरून एकदा प्रेमाने बोट फिरवले, आणि कागद सोडला.

थेल्मा, तुझ्यावर गुप्ततेचे बंधन होते, हे खरे. पण बाद झालेली पत्रिका त्याची होती हे न सांगताही, "डॅड, कागदावर फुलीखेरीज काही लिहू नका," एवढे एक वाक्य न्याहारीच्या वेळी सांगण्याला कोणते बंधन आड आले? एका वाक्याने शमला असता तो राग तू वर्षभर वाढू दिलास. त्याची आच एका निरपराध बाईला लागली, आणि आज तोच कागद पुन्हा माझ्या पोटात आला. मी पत्र्याची, मला बोलता येत नाही. तुला येत होते.

मित्रांनो, माझ्यासारख्या वृद्ध पेटीची एवढीच विनवणी आहे. माझ्या मुखात आपली फुली टाका, नाव टाकू नका. नाव लपवता यावे म्हणूनच एझ्राने मला घडवले, कारण सगळ्यांनाच विल्फ्रेडसारखे निर्भय राहणे परवडत नाही. आणि ज्याच्यावर तुमचा जीव आहे तो चुकत असेल, तर वेळेत सांगा. मौन हा पेटीचा धर्म आहे, लेकरांचा नव्हे.

आता दालनाचे दार उघडले. पांढऱ्या फितीचे फूल लावलेली थेल्मा स्वतःचे मत द्यायला येत आहे. दाराशी विल्फ्रेड तिला मोठ्या आवाजात सांगतो आहे, "यंदा काळजी नको, पोरी. मी माझं काम चोख करून आलोय."

मग तिने माझ्याकडे पाहिले, माझ्या कोपऱ्यातल्या त्या बारीक सहीकडे पाहिले, आणि मतपत्रिका न घेताच ती पुन्हा बापाकडे वळली.