मंगळवारची डोकेदुखी

"मावशी, मशीन आणलंत ना?" बाईंच्या लेकीने वॉर्डाच्या दारातच विचारलं.

आणलं होतं. बावीस वर्षं पार्लर चालवतेय, पण हॉस्पिटलात येऊन कुणाचे केस उतरवायची वेळ कधी आली नव्हती. बाई म्हणजे शाळेतल्या गणिताच्या बाई, माझं पहिलंवहिलं गिऱ्हाईक. काल फळ्यापुढेच कोसळल्या. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला होता म्हणे, तो फुटला. दुपारी ऑपरेशन होतं. नर्स केस काढायला आली, तर त्यांनी तिचा हात धरला, म्हणाल्या, "पार्लरवालीला बोलवा." धड शुद्ध नाही, पण हुकूम पक्का!

मी टॉवेल झटकतेय, तोच डॉक्टर आले. लेकीला म्हणाले, "नीट आठवा. गेल्या आठ-दहा दिवसांत आईचं डोकं अचानक, जोरात दुखलं होतं? आधीच रक्त पाझरलं असेल, तर आमची तयारी वेगळी."

"नाही हो. आईने चकार शब्द काढला नाही."

"बायकांत हा आजार जास्त, आणि बायकाच दुखणं अंगावर काढतात," म्हणत ते वळले.

मला माहीत होतं ना! मंगळवारी, माझ्याच खुर्चीत. रंग लावताना बाई एकदम किंचाळल्या, दोन्ही हातांनी डोकं धरलं, मग ओकल्या. "असं जन्मात दुखलं नव्हतं गं. दवाखान्यात जाऊ का?" आणि मी मेली काय बोलले? "पाळी जायच्या वयात व्हायचंच हो. राईचा पर्वत करू नका." वर मान चोळून दिली. त्या हसून घरी गेल्या.

गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? बाईंना कालचा दिवसही आठवत नव्हता.

"डॉक्टर, थांबा. मंगळवारी दुखलं होतं. दवाखान्यात जाऊ का, विचारत होत्या. मीच नको म्हटलं."

त्यांनी वेळ विचारली, लिहून घेतली आणि लगबगीने गेले. लेक माझ्याकडे बघत राहिली. वाटलं, आता ही हाकलणार. हाकललं असतं तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मी बाहेर थांबते. तिला दुखवू नका."

मी मशीन हळूहळू फिरवलं. कानामागे आले तशी बाईंनी न सांगता मान कलती केली, नेहमीसारखी. मग मात्र मला रडू आवरेना. "चुकले हो, बाई," मी म्हटलं.

मान पुसली, केस गोळा केले. काम संपलं की गिऱ्हाइकाला आरसा दाखवायचा, या सवयीने हात पिशवीत गेला. अर्धा बाहेर काढलेला आरसा मी घाईने परत लपवला. बाईंनी डोळे उघडून हात पुढे केला.

मी आरसा धरला. त्या बराच वेळ स्वतःकडे बघत राहिल्या. मग डाव्या कानावर राहून गेलेला केसांचा पुंजका त्यांनी बोटाने दाखवला.

मी तो काढला.